‘हात काढ न वो!’ – सारखी कातडी टोकरायची सवय असते तरी काय

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की आमच्याकडे सगळ्याच पोरी तोंडाला स्कार्फ गुंडाळून अन् हातात ते लांब कापडी मोजे घालून गाडीवर फिरतात, त्यामुळे कोणती उन्हासाठी झाकून राहिली अन् कोणती डागांसाठी हे कोणाला कळत नाही. मला कळतं. उपकेंद्रात पंख्याखाली बसून पाणी पिऊन झालं तरी जिचा स्कार्फ सुटत नाही, ती बहुतेक वेळा "मॅडम, डाग जायची एखादी ट्यूब द्या न" हे म्हणायला आलेली असते. अन् दुसरं कारण म्हणजे नर्सिंगची चार वर्षं मी स्वतः तोच स्कार्फ बांधून काढली.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे, म्हणजे गावाच्या भाषेत सीएचओ मॅडम, अन् म्हाताऱ्या बायांच्या भाषेत सिस्टर. मनोविकारतज्ज्ञ नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण निकालाचा अन् भरतीचा सिझन आला की या तक्रारी वाढतात, अन् यंदा एका पोरीची आई माझ्यासमोर बसून रडत म्हणाली, "हिले वेड लागलं का वो मॅडम? आरशापुढं तास-तास उभी राहते अन् तोंडाचं रगत काढते." त्या माउलीला पाच मिनिटात जे सांगता आलं नाही ते इथं लिहून राहिली.

आधी नाव

डॉक्टरी पुस्तकात याला एक्स्कोरिएशन डिसऑर्डर म्हणतात, काही जण डर्मॅटिलोमेनिया म्हणतात. दोन्ही शब्द एकदा वाचून विसरून जा, मी इथून पुढे टोकरणं एवढंच म्हणणार आहे, आपल्या आया म्हणतात तसं. पुळी फोडणं, खपली काढणं, नखाजवळची कातडी ओढणं, ओठाची सालं काढणं, पायावर केस आत अडकला म्हणून सुईनं कोरणं, हे सगळं त्यात आलं.

आता खपली कोण काढत नाही? सगळेच काढतात, तो काही आजार नाही. आजार म्हणायचा तो तेव्हा, जेव्हा टोकरून टोकरून जखमा होतात, सोडायचं म्हणून कितीदा तरी ठरवूनही ते सुटत नाही, अन् त्यापायी कॉलेज, काम, लग्नकार्याला जाणं, चारचौघात बसणं अडायला लागतं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं आपल्या आजारांच्या यादीत याला स्वतंत्र जागा दिली, अन् जागतिक आरोग्य संघटनेची जी नवी यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली तिच्यातही हा आजार आहे. दोन्हीकडे त्याला ओसीडीच्या (तोच विचार, तीच कृती परत परत करायला लावणारा आजार) शेजारी, केस उपटायच्या आजाराच्या भिंतीला लागून घर दिलं आहे. शेजारी आहेत, पण एकच घर नाही. ओसीडीत आधी डोक्यात नको तो विचार घुसतो, हात खराब झाले, कुलूप लागलं नाही, वगैरे. टोकरण्यात बरेचदा विचार नसतोच, बोटालाच काहीतरी लागतं अन् बोट कामाला लागतं.

अमेरिकेतल्या सर्व्हेत शंभरात साधारण दोघांना हे निघालं, अन् उपचाराला येतात त्यात बाया जास्त. तोच हिशोब नुसता अंदाज म्हणून आपल्याला लावला तर तीन हजाराच्या गावात साठ जण झाले. त्या साठातल्या किती जणांना वाटतं की जगात असा आपण एकटाच आहे? मला तर बावीस वर्षांची होईपर्यंत वाटत होतं, अन् तेही नर्सिंग शिकत असताना!

खाज सुटते म्हणून खाजवणं, ते वेगळं

हे आधी तपासायचं. आमच्या भागात खरूज आहे, गजकर्ण तर घराघरात आहे, गाजरगवत उपटून आलं की कित्येकांच्या हाताला अन् मानेला पुरळ येतं, उन्हाळ्यात घामोळ्या. शुगर, किडनी, लिव्हर यांच्या दुखण्यातही अंगाला खाज सुटते. म्हणून सगळं मनावर ढकलू नका, आधी कातडी दाखवा. रात्री घरातले सगळेच खाजवत असतील तर ती खरूज असायचा संभव जास्त, तिथं मनाचा काही संबंध नाही.

अन् एक हात जोडून विनंती, दुकानातून 'डागाची ट्यूब' म्हणून जे मिळतं त्यात बरेचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. चार दिवस चेहरा गोरा अन् गुळगुळीत दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, पुळ्या वाढतात, अन् टोकरणाऱ्या बोटांना आयतं काम मिळतं.

हात शोधतो तरी काय

तुम्ही आजीला तांदूळ निवडताना पाहिलं असेल. सुपात तांदूळ घेऊन बसते, बोलणं शेजारणीशी चालू, नजर दारातून जाणाऱ्या माणसावर, अन् बोटं मात्र आपली आपण फिरत असतात. एक खडा लागला की बोट तिथंच थांबतं, खडा बाजूला पडतो, अन् आजीच्या चेहऱ्यावर कळेल न कळेल असं समाधान येतं. लगेच बोट पुढच्या खड्याकडे.

टोकरणं हे असंच निवडणं आहे, सुपाच्या जागी आपला गाल किंवा दंड असतो एवढंच. काही वेळा ते आजीसारखं आपोआप चालतं: अभ्यास करताना, मोबाईल पाहताना, एसटीत खिडकीला बसल्यावर हात हनुवटीवर गेलेला कळतच नाही, बोटाला ओलं लागलं की कळतं. काही वेळा मात्र चक्क ठरवून, लाईट लावून, दाराला कडी घालून आरशापुढे उभं राहून चालतं. बहुतेकांचं दोन्ही असतं. माझं आपोआपवालं मनगटापासून कोपरापर्यंत असायचं अन् ठरवूनवालं चेहऱ्यावर. आरसा म्हणजे काही मोठा पाहिजे असं नाही, गाडीचा आरसा चालतो, मोबाईलचा पुढचा कॅमेरा तर त्याहून वाईट, कारण त्यात झूम करता येतं.

फरक इतकाच की तांदळात खडा असतो तो काढला की संपतो. कातडीत जे बारीक टेंगूळ लागतं ते काढलं की तिथं जखम होते, जखमेवर खपली धरते, अन् खपली म्हणजे पहिल्यापेक्षा मोठा खडा. म्हणजे आपण निवडता निवडता सुपात खडे टाकत चाललो.

अन् आपल्या सावळ्या कातडीत जखम भरल्यावरही काळा डाग महिनोन् महिने राहतो, ऊन लागलं की अजून गडद होतो. मुळात पुळी असते मोहरीएवढी, ती आपसूक आठ दिवसात बसली असती.

जागल्या आणि रानडुक्कर

या टोकरण्यामागं बरेचदा अँग्झायटी असते. ती याच्यात कुठून आली? अँग्झायटी म्हणजे कारण लहान असलं किंवा नसलं तरी अंगात सारखी धाकधूक चालू राहणं, जीव घाबरा होणं, झोप उडणं, पोटात कालवणं.

आमच्याकडे चणा-तूर उभी असली की रात्री शेतात जागल करावी लागते, नाहीतर डुकरं अन् रोही एका रात्रीत वावर साफ करतात. चांगला जागल्या काय करतो, खसखस झाली तर कान देतो, वारा आहे की जनावर हे ओळखतो, अन् जनावर असलं तरच उठून डबा वाजवतो. ज्याचं एकदा अख्खं वावर गेलं तो मात्र पान हललं तरी डबा बडवतो. रात्रभर बडवतो. सकाळी डुक्कर एकही आलेलं नसतं अन् हा मात्र पार थकून गेलेला असतो. अँग्झायटीवाल्या माणसाच्या डोक्यात असा जागल्या बसलेला असतो. पेपर, निकाल, बापाचं पीककर्ज, पाहुणे पाहायला येणार, ऑफिसचा फोन, त्याला सगळंच डुक्कर.

या सगळ्यातल्या कशावरच आपला हात चालत नाही. निकाल टोकरता येत नाही, कर्ज उपसून काढता येत नाही. गालावरची पुळी मात्र हाताशी असते, तिचं काहीतरी करता येतं, अन् केलं की दोन सेकंद डोकं खरंच शांत होतं, डबा थांबतो. हे दोन सेकंद म्हणजे या आजाराची सगळी ताकद. मेंदूला जिथून सुटका मिळाली ती वाट तो विसरत नाही, पुढच्या वेळी धाकधूक झाली की हात आपोआप त्याच वाटेनं जातो. ते समाधान हातउसनं असतं, त्याचं व्याज नंतर लागतं: जखम, शरम, झाकपाक, उद्या लोक काय म्हणतील याची नवी धाकधूक. अन् मग परत हात.

एक टाकाही वाकडा चालत नाही

माझ्या आईचा ब्लाऊज शिवायचा धंदा होता. तिच्याकडे एक गिऱ्हाईक यायची, शिवून दिलेला ब्लाऊज घरी नेऊन एखादा टाका वाकडा दिसला की उसवायची, परत शिवायची, परत उसवायची, शेवटी कापडच विरायचं. आई म्हणायची, "कपडा चांगला होता बाप्पा, तिनं नीट करू करू फाडला."

परफेक्शनिझम म्हणजे हा स्वभाव. नीटनेटकं काम करणं वेगळं, ते चांगलंच आहे. इथं गोष्ट अशी की शंभरात अठ्ठ्याण्णव मिळाले तर जीव त्या दोनमध्ये अडकतो. मी रजिस्टरचं एक पान खाडाखोड झाली म्हणून अख्खं रजिस्टर पुन्हा लिहून काढलेलं आहे, रात्री अकराला, अन् कोणी मागितलं पण नव्हतं. असला माणूस बाहेरून हुशार, मेहनती दिसतो, बाई वर्गात कौतुक करतात, त्यामुळे याच्यात काही गडबड आहे असं कोणालाच वाटत नाही.

मला हा आजार कळला तो ही गोष्ट समजल्यावर. टोकरणाऱ्याला लोक बेफिकीर, घाणेरडी सवयवाला समजतात, पण तो हात बिघडवायला गेलेलाच नसतो. तो नीट करायला जातो. गालावर एक कण वर आलेला आहे, तेवढा काढला की गुळगुळीत. हीच ती वाकड्या टाक्याची गोष्ट, कापडाच्या जागी कातडी. म्हणून "तुले तुह्या तोंडाची काही पर्वा आहे का नाही" असं ऐकलं की फार लागतं, कारण पर्वा जरुरीपेक्षा जास्त आहे तेच तर दुखणं आहे.

२०१५ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी याच्यावर एक अभ्यास छापला. टोकरणारे, केस उपटणारे, नखं खाणारे असे मोजकेच लोक घेतले अन् त्यांना कधी कंटाळवाण्या, कधी वैतागाच्या, कधी निवांत परिस्थितीत बसवलं. इच्छा जास्त झाली ती कंटाळ्यात अन् वैतागात. त्यांचं म्हणणं असं की या लोकांचा परफेक्शनिझम कामाच्या आखणीतला असतो, खूप काम अंगावर घ्यायचं, रिकामं बसणं म्हणजे गुन्हा, अन् ठरवल्यासारखं झालं नाही की तडफड. मी वाचलं तेव्हा म्हटलं, यांना माझा पत्ता कोणी दिला! कारण माझं टोकरणं कामाच्या गर्दीत कमीच, खरं टोकरणं चालायचं ते पुस्तक उघडं आहे, धडा मोठा आहे, पूर्ण नीट होणार नाही म्हणून सुरूच होत नाही, त्या बसलेल्या वेळात.

"मग सोडून दे न!"

सगळ्यांचा पहिला सल्ला. मला माझ्या मावशीनं दिला, मैत्रिणींनी दिला, अन् थर्ड इयरला पायावरच्या जखमेत इन्फेक्शन होऊन पोटरी सुजून लाल झाली, अँटिबायोटिक लागलं, तेव्हा एका डॉक्टरांनी सगळ्या वॉर्डासमोर दिला, वरून "नर्सिंगची मुलगी असून" हे जोडून. त्या आठवड्यात मी आधीपेक्षा जास्त टोकरलं.

का, ते वर सांगितलंच आहे. ओरडलं की शरम, शरमेनं धाकधूक, धाकधुकीवर हाताला माहीत असलेलं एकच औषध. शिवाय जे निम्मं आपोआप चालतं ते कळायच्या आधीच होऊन गेलेलं असतं, मग इच्छाशक्ती लावायची कुठे? झोपेत घोरणाऱ्याला घोरू नको म्हटल्यासारखं आहे.

"आमच्या टायमाले असं काही नोतं"

होतं. इंग्लंडचे त्वचारोगतज्ज्ञ इरॅस्मस विल्सन यांनी १८७५ मध्येच असे रुग्ण नोंदवले आहेत, अन् फ्रान्सचे लुई ब्रोक यांनी १८९८ मध्ये पुळ्या टोकरून चेहरा खराब करून घेणाऱ्या तरुण मुलींबद्दल लिहिलं. तेव्हा मोबाईल नव्हता, नीटची परीक्षा नव्हती. अन् आपल्या गावातही होतं, आपण त्याला दुसरं नाव द्यायचो: बाहेरचं आहे, रक्त खराब आहे, नजर लागली.

"वावरात राबणाऱ्या बाईले असले चोचले नसतात" हेही ऐकते. माझ्याकडे येणाऱ्यात कापूस वेचणाऱ्या बाया आहेत. बोंडाच्या टोकदार कवचानं बोटं आधीच चिरलेली असतात, नखाजवळ सालं निघालेली, ती सालं ओढायची सुरुवात तिथूनच होते. फक्त त्या बाया म्हणत नाहीत की मला आजार आहे, म्हणतात "हात वेचणीनं खराब झाले". अन् माणसंही येतात बरं का, तेही दाढी करताना कापलं असं सांगत.

हे स्वतःला इजा करून घेणं आहे का?

नाही. इजा व्हावी म्हणून हात जात नाही, इजा मागून होते. आईबापांनी इथं घाबरू नये. पण सोबत मन पार खचलं असेल, जगून काय करू असं बोलणं निघत असेल, तर ती वेगळी अन् तातडीची गोष्ट आहे, त्यात एक दिवसही थांबायचं नाही, त्याच वेळी १४४१६ ला, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फुकट नंबरला, फोन लावायचा.

करायचं काय मग

या आजारावर सगळ्यात जास्त वापरलेली पद्धत अमेरिकेतल्या अझ्रिन अन् नन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडली. नाव मोठं आहे, गोष्ट छोटी: हात रिकामा ठेवायचा नाही, त्याला दुसरं काम द्यायचं, पण त्याआधी हात कधी जातो हे पकडायचं.

तर पहिले दोन आठवडे सोडायचं नाहीच. फक्त हिशोब ठेवायचा, कॅलेंडरवर किंवा वहीत, हात गेला की एक रेघ, सोबत एक शब्द: कुठे, काय करत होते. दूधवाल्याच्या हिशोबासारखं. माझ्या वहीत निघालं की रेघा सगळ्या संध्याकाळी पोर्टलवर एन्ट्री करताना, साइट अडकलेली असताना. मला वाटत होतं दिवसभर चालतं, तसं नव्हतं. अन् गंमत म्हणजे रेघ मारायला लागली की रेघा थोड्या आपोआप कमी झाल्या.

मग दुसरं काम. पुस्तकात सांगतात हात गेला की मूठ आवळून मिनिटभर धरा, म्हणजे ज्या स्नायूंनी टोकरता येतं तेच गुंतून जातात. ते चालतं. पण आपल्याकडे तर बोटांना द्यायला इतकी कामं पडली आहेत की शहरातल्या लोकांनी हेवा करावा. वाती वळा. कापसातून सरकी काढा, हे तर मला अगदी औषध निघालं, कारण बोटाला तोच कण लागतो, तोच ओढल्यावर सुटतो, अन् रक्त निघत नाही. लसूण सोला, शेंगा फोडा, तुरीचे दाणे काढा. शेजारीण म्हणाली, "मॅडम, तुमच्या देवाले रोज इतक्या वाती लागतात?" मी हो म्हटलं.

२०२३ मध्ये जर्मन संशोधकांनी अजून एक सोपं करून पाहिलं. टोकरणं, केस उपटणं, नखं खाणं असल्या सवयी असलेल्या २६८ लोकांपैकी अर्ध्यांना शिकवलं की ओढण्या-टोकरण्याऐवजी बोटांची टोकं एकमेकांवर, किंवा तळहातावर, दंडावर हळूच फिरवा, रोज सराव करा. सहा आठवड्यांनी त्यांच्यातल्या निम्म्याहून थोड्या जास्त लोकांना फरक पडला, ज्यांना नुसतं थांबवून ठेवलं होतं त्यांच्यातल्या पाचातल्या एकाला. खर्च शून्य.

तिसरं म्हणजे वाट अडवणं. ढोरं वावरात शिरू नयेत म्हणून आपण काट्याचं कुंपण घालतो, ढोराला समजावत बसत नाही. तसंच नखं बारीक कापा. सुई, सेफ्टी पिन, चिमटा हाताशी ठेवू नका. बाथरूममधला आरसा काढता येत नसेल तर त्यावर टॉवेल टाका. जखमेवर कागदी चिकटपट्टी, मेडिकलमध्ये मायक्रोपोर म्हणून मागा, स्वस्त असते. पट्टीखाली जखमही भरते अन् बोटाला खडाही लागत नाही.

आता परफेक्शनिझमचं. याच्यावर उपाय म्हणून मुद्दाम छोट्या चुका करायच्या, अन् आभाळ कोसळतं का ते पाहायचं. हसू नका, हा रीतसर उपचाराचा भाग आहे. रांगोळीत एक ठिपका वाकडा राहू द्या. भाकरीची कड फाटली तर परत मोडून थापू नका. मी आमच्या कामाच्या ग्रुपवर एक चूक असलेला मेसेज टाकला अन् दुरुस्त केला नाही, अर्धा तास घाम फुटला, कोणीच काही म्हटलं नाही, तिघांनी अंगठे पाठवले. रजिस्टरमध्ये आता एकच रेघ मारून खाडाखोड करते अन् सही करते, नियमही तोच आहे म्हणे! एक सावध राहा, हा उपचारसुद्धा परफेक्ट करायच्या मागे लागू नका. "आजपासून एकदाही नाही" अशी शपथ घेतली की पहिल्या चुकीला सगळं सुटतं, "तसंही मोडलंच आहे" म्हणून त्या रात्री तासभर. वीस रेघांच्या बारा झाल्या तर ते पीक आलं म्हणायचं.

गोळी नाही का याच्यावर?

धाकधूक किंवा उदासी जास्त असेल तर डॉक्टर त्याची गोळी देतात, अन् ती उतरली की टोकरणंही काहींचं कमी होतं, सगळ्यांचं नाही. खास टोकरण्यासाठी दोन औषधांवर बरं काम झालंय. एक एन-ॲसिटिल सिस्टीन, जे एरवी कफ पातळ करायला अन् पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर वापरतात. २०१६ मध्ये अमेरिकेत ६६ जणांवर बारा आठवडे पाहिलं, शेवटपर्यंत टिकलेल्यांत ते घेणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांना चांगला फरक पडला, नकली गोळीवाल्यांपैकी १९ टक्क्यांना. दुसरं मेमँटीन, मुळात विसरभोळेपणाच्या आजाराचं, २०२३ मध्ये टोकरणारे अन् केस उपटणारे अशा शंभर जणांवरच्या अभ्यासात त्याचा निकालही चांगला आला. दोन्ही अभ्यास लहान आहेत, अन् दोन्ही गोळ्या आपल्या मनानं, मेडिकलवाल्याला विचारून घ्यायच्या नाहीत. नाव लिहिलं ते एवढ्यासाठी की "यावर औषधच नाही" असं कोणी म्हटलं तर ते खरं नाही हे माहीत असावं.

इथं डॉक्टर कुठून आणायचा?

खरी अडचण हीच, अन् इथं मी गोड बोलणार नाही. तालुक्याला मनोविकारतज्ज्ञ नसतो, जिल्ह्याला जायचं म्हटलं तर एक दिवसाची मजुरी अन् एसटीचं तिकीट, अन् नागपूरच्या मानसिक रुग्णालयाचं नाव काढलं की घरात एकच शब्द निघतो, पागलखाना.

तरी वाटा आहेत. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर, केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केला, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पहिल्यांदा लावताना मी खोलीच्या बाहेर जाऊन लावला होता, कोणी ऐकेल म्हणून. उपकेंद्रात ई-संजीवनीवरून मोठ्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येतं, नेट असेल त्या दिवशी. जिल्हा रुग्णालयात मनोविकाराची ओपीडी असते, यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये आहे, वर्ध्याकडच्यांना सेवाग्राम अन् सावंगी जवळ पडतं. मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ चा, त्यानुसार सरकारी दवाखान्यात हा उपचार मिळणं आपला हक्क आहे.

अन् "खेड्यात मनाच्या आजाराचं कोण काय करणार" म्हणणाऱ्यांना मी अमरावती जिल्ह्याचं सांगते. तिथल्या तीस गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम झाला, गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याबद्दल बोलणं सुरू केलं. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले चार जण उपचारापर्यंत पोचत होते, दीड वर्षात सत्तावीस पोचायला लागले. २०१७ मध्ये ते लॅन्सेट सायकियाट्री या डॉक्टरी मासिकात छापून आलं. टोकरण्यावरचं ते काम नव्हतं, पण वाट तीच आहे, कोणीतरी दारात बसून विचारायला पाहिजे.

घरच्यांना दोन शब्द

"हात काढ न वो!" हे वाक्य बंद करा. त्याऐवजी आधीच ठरवून घ्या, पोरीला विचारूनच, की हात गेलेला दिसला तर आम्ही काय करू. आमच्या घरी आई काही न बोलता माझ्या मांडीवर लसणाची टोपली आणून ठेवायची. ना ओरडा, ना शरम. अन् ज्या दिवशी लसूण नको असेल त्या दिवशी टोपली सरकवून द्यायची मोकळीक होती.

पाहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी चेहरा आठ दिवसात साफ करायचा ताण देऊ नका, त्या आठ दिवसात चेहरा खराबच होईल, लिहून देते. पाहुण्यापुढं पावडरनं डाग झाकायचे की नाही हे तिला ठरवू द्या. अन् भेटल्या भेटल्या "काहून वो, तोंडाले काय झालं?" विचारणाऱ्या नातेवाइकांना तुम्ही उत्तर द्या, तिच्यावर सोडू नका. "पुळ्या आहेत, जातील. चहा घ्या."

परत सुरू झालं तर?

होतं. मार्चअखेरीला रिपोर्टांचा ढीग असतो, यंदा आमची साइट तीन दिवस बंद होती, अन् मी दोन आठवडे चांगलंच टोकरलं. पाच वर्षांपूर्वी असं झालं असतं तर मी स्कार्फ काढला असता कपाटातून. या वेळी वही काढली, रेघा मारल्या, आरशावर टॉवेल टाकला, अन् आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "ये इकडं, वातीचा कापूस ठेवला आहे तुह्यासाठी."

सध्या डाव्या कोपराजवळ दोन खपल्या आहेत, पट्टीखाली. सुरुवातीला सांगितलेल्या त्या रडणाऱ्या आईची पोरगी परवा पुन्हा येऊन गेली, तिच्या वहीत पहिल्या आठवड्याच्या एकशे सत्तर रेघा होत्या अन् तिला वाटत होतं मी रागावणार. मी तिला विचारलं, रेघा बहुतेक किती वाजता आहेत? ती मोजायला बसली.